भावाच्या नावाचं यंत्र

माझ्या वडिलांच्या छातीत आठ वर्षं जो पेसमेकर चालला, तो कागदोपत्री त्यांच्या मोठ्या भावाच्या छातीत होता. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग माझ्याकडे संशयाने बघतो. आमच्याकडे कुणी हसत नाही. भीमपूरकडचं आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे, म्हणजे तेलंगणात. वडिलांचे थोरले भाऊ पलीकडच्या काठावर घरजावई गेले, म्हणजे महाराष्ट्रात. मधे एक नदी, आणि उन्हाळ्यात तीही गुडघाभर. बियाणं जिकडे बरं मिळेल तिकडून आणायचं, पोरगी जिकडे खपेल तिकडे द्यायची आणि कार्ड जिकडचं चालेल तिकडचं दाखवायचं, ही इथली रीतच आहे. त्यात काही चुकतंय असं तेव्हा आम्हाला वाटलं नाही.

वडिलांच्या भावाला आमच्याकडे मोठे बाबा म्हणतात. मीही म्हणायचे. आता मनातल्या मनात मी त्याला नुसतं 'तो' म्हणते, आणि इथेही तसंच लिहिणार आहे.

बाबा पहिल्यांदा पडले ते पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कापसात, तण काढायला डवरा चालवताना. आदिलाबादच्या डॉक्टरने नाडी धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही. म्हणाला, ठोके फार कमी पडतात, यंत्र बसवावं लागेल, नाहीतर असेच एक दिवस पडतील आणि उठणार नाहीत. पैसे भरून बसवणं आमच्या आवाक्याबाहेर होतं. सरकारी योजनेतून फुकट होत होतं, पण त्याला रेशनकार्ड लागे, आणि आमच्या कार्डाचा वेगळाच तमाशा झाला होता. आई वारल्यावर तिचं नाव कमी करा म्हणून मी मंडल ऑफिसात, म्हणजे इथल्या तहसिलीत, दरखास्त दिली होती. त्यांनी आईचं नाव ठेवलं आणि बाबांचं कमी केलं. सरकारच्या हिशेबी आई जिवंत होती, आणि बाबांना मरून दोन वर्षं झाली होती.

तेव्हा तो स्वतःहून आला. हे मी लपवणार नाही.

"माह्या कार्डावर टाकू," तो म्हणाला. "आमी दोघं एकसारखेच दिसतो. खिडकीवरचा बाबू काय आमच्या मायचा भाऊ हाय, वळखाले?"

खिडकीवर तेव्हा अंगठ्याचं यंत्र नव्हतं. फोटो बघत. दोन भावांचं नाक, कपाळ, मिशी, सगळं एका साच्यातलं. नदीपलीकडच्या शहरातल्या त्या दवाखान्यात बाबा पाच दिवस भावाचं नाव लावून झोपले. नर्स नाव पुकारायची आणि बाबा शांतपणे पंख्याकडे बघत राहायचे. मी त्यांना कोपराने ढोसायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना सवय झाली, तर घरी आल्यावर गावात कुणी खऱ्या नावाने हाक मारली तरी वळून बघेनात. आम्ही खूप हसलो त्या वेळी. बाबा जगले होते, हसायला काय जातं?

घरी सोडताना दवाखान्याने एक छोटं कार्ड दिलं. यंत्र कुठलं, नंबर काय, कधी बसवलं, ते त्यावर होतं, आणि नाव त्याचं. "माह्या नावाचं हाय, माह्यापाशी राहू द्या," म्हणत त्याने ते खिशात घातलं. मी अंगणवाडीची शिक्षिका, रोज पोरांच्या हातातून खडू काढून घेते. पण त्या दिवशी त्याच्या हातातून ते कार्ड काढून घ्यायला मला सुचलं नाही.

यंत्र वर्षातून एकदा तपासावं लागतं, आणि कार्डाशिवाय तपासणीच्या खिडकीवर कुणी उभं करत नसे. म्हणजे दर वर्षी बाबांनी नदी ओलांडून त्याच्या दारात जायचं आणि कार्ड मागायचं. पहिल्या वर्षी त्याने लगेच दिलं. दुसऱ्या वर्षी बाबांना ओट्यावर बसवून ठेवलं आणि स्वतः आत सावकाश जेवला. तिसऱ्या वर्षापासून नवीनच सुरू झालं. तपासणी बरोबर कापूस फुटण्याच्या दिवसांत यायची. "आलाच हायस तं दोन दिस वेचू लाग," तो म्हणायचा, "मंग घेऊन जाय कार्ड." छातीत यंत्र असलेला माणूस उन्हात ओटी बांधून दोन दिवस भावाचा कापूस वेचायचा. मजूर तर मजूर, त्याला मजुरी तरी मिळते. वर चार लोक बसले असले की तो सांगायचा, "माह्या नावावर जित्ता हाय हा."

मी बाबांना म्हटलं, काऊन जाता? बाबा म्हणाले, "त्यानं जीव देल्ला, पोरी. दोन दिस कापूस वेचला तं काय झिजलो?" पण मी मोजत होते. पाच वर्षं, दर वर्षी दोन दिवस. माणूस असं काही मोजायला लागला की थांबत नाही.

मग बाबांना पुन्हा घेरी यायला लागली. तपासणीत कळलं, बॅटरी उतरत आलीय, काही महिन्यांत यंत्र बदलावं लागेल. आणि आता योजनेच्या खिडकीवर अंगठा लागत होता. अंगठा ज्याच्या नावाचं कार्ड त्याचाच.

आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. ओट्यावर पाच-सहा माणसं पान खात बसली होती. बाबांनी हळूच सांगितलं. तो मोठ्याने बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "अंगठा माहा, गुन्हा माह्यावर. मी काऊन देऊ? आठ वर्सं काढले माह्या नावावर. आता मरा म्हणा सोताच्या नावानं."

गुन्ह्याची भीती खरी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. भीतीपोटी नाही म्हणाला असता तर मी काहीच बोलले नसते. पण शेवटचं वाक्य भीतीतून आलेलं नव्हतं. ओट्यावरचे दोघं-तिघं हसले. बाबाही कसनुसं हसले आणि चप्पल शोधू लागले. चप्पल पायाशीच होती, त्यांना दिसत नव्हती. त्या क्षणी मी ठरवलं की बाबांना मरू द्यायचं नाही, आणि याला सोडायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी बाबांना घेऊन मी मंडल ऑफिस गाठलं. क्लार्क तेलुगूत म्हणाला, अर्ज ऑनलाइन करा, तपासणी होईल, मग बघू. मी बाबांना त्याच्या टेबलासमोर उभं केलं आणि तेलुगूतच म्हणाले, "सार, तुमच्या कागदात हे मेलेत. हात लावून बघा, गार आहेत का?" तो ओशाळला. मी रोज गेले, अंगणवाडी सुटली की थेट तिकडे. सातव्या का आठव्या दिवशी बाबांना तिथेच घेरी आली, आणि क्लार्कच्याच खुर्चीत त्यांना बसवावं लागलं. त्या आठवड्यात बाबांचं नाव कार्डावर परत चढलं. आईचं नाव कमी करायचं राहिलंच. ती अजून कार्डावर आहे, आणि मी आता काही बोलणार नाही.

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्याने हैदराबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथे एका टेक्निशियनने मुठीएवढी एक वस्तू बाबांच्या छातीवर ठेवली, आणि समोरच्या पडद्यावर यंत्राची सगळी माहिती आली. त्यात नावही आलं. त्याचं. टेक्निशियनने विचारलं, हे कोण? मी घाबरले. मग डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगून टाकलं: कार्ड, नदी, पाच दिवस, कापूस. त्या तेलुगूत म्हणाल्या, "मी छाती बघते, नाव नाही." जुन्या तारा तशाच ठेवून त्यांनी यंत्र बदललं. कागद मात्र त्यांनी चोख केला: अमुक नंबरचं, भलत्या नावावर नोंदलेलं यंत्र या माणसाच्या छातीतून काढलं. खाली सही, शिक्का. "जपून ठेवा," त्या म्हणाल्या. मी जपून ठेवला.

दीड वर्ष गेलं. बाबा ठणठणीत होते. नदीपलीकडे आम्ही गेलो नाही, आणि तिकडून कुणी आलं नाही.

मग एका दुपारी तो दारात उभा. सोबत सूनबाई, माझी वहिनी. दारापर्यंत येतानाच त्याला धाप लागली होती. चेहरा काळवंडलेला. आजार बाबांचाच. एका आईची लेकरं. तिकडच्या दवाखान्याने तपासलं, यंत्र बसवायचं ठरलं, आणि योजनेच्या कंप्युटरने अडवलं: या नावावर यंत्र आधीच बसवलेलं आहे. छातीवर साधा ओरखडा नाही, तरी कंप्युटर ऐकेना. डॉक्टर म्हणाला, आधीचं यंत्र खरं कुणाच्या छातीत गेलं त्याचा कागद आणा, मग मी वर लिहितो. पैसे भरून बसवायची ऐपत त्याचीही नव्हती.

मी त्याला ओट्यावर बसवलं आणि आत गेले. भांडी घासलेली होती, ती पुन्हा घासली. पाणी त्याने मागितल्यावर दिलं. वहिनी खाली मान घालून बसली होती. तिचा काही दोष नव्हता, आणि तिच्याकडे बघणं मी टाळत होते.

"हैदराबादचा कागद हाय म्हणते गाववाले तुह्यापाशी, पोरी," तो म्हणाला.

"कोणाच्या नावाचा पाहिजे, मोठे बाबा?" मी विचारलं. त्याने मान खाली घातली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तेवढ्यात बाबा वावरातून आले. भावाला बघून खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याला वारा घालू लागले. सगळं ऐकल्यावर मला म्हणाले, "दे त्याले कागद."

"कोठं ठेवला, ध्यानात नाई," मी म्हटलं. "पाहते अन् सांगते."

कागद आत लोखंडी पेटीत होता, आईच्या लग्नातल्या शालूच्या घडीखाली. डोळे मिटूनही मला तो काढता आला असता.

वहिनीचा रोज फोन यायचा. "सापडला का, ताई?" मी म्हणायचे, "पाहून राह्यली." बाबा संध्याकाळी विचारायचे, मी तेच सांगायचे. एकदा तर त्यांच्यासमोर कपाट उपसून दाखवलं. मी मनात मोजत होते: पाच वर्षं, दोन-दोन दिवस, म्हणजे दहा. दहा दिवस त्याला वाट बघायला लावीन आणि अकराव्या दिवशी कागद नेऊन देईन, असं माझं ठरलं होतं. मारायचं नव्हतं मला त्याला. बाबांसारखं ओट्यावर बसवायचं होतं, एवढंच. त्या दिवसांत मला झोपही छान लागत होती. लिहायला लाज वाटायला हवी, पण ते खरं आहे.

आठव्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. या वेळी तिने कागदाचं विचारलं नाही. तो हापशाशी घेरी येऊन सिमेंटवर पडला होता, खुबा मोडला होता, आणि दवाखाना म्हणत होता की यंत्र बसल्याशिवाय हाडाचं ऑपरेशन होणार नाही.

मी धावत आत गेले, पेटी उघडली, शालू बाजूला सारला आणि कागद काढला. वळून पाहिलं तर बाबा दारात उभे होते. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, खिशात घातला आणि नदीकडे चालू लागले.

त्या कागदावर त्याचं यंत्र बसलं. पण वरून मंजुरी येईतोवर बरेच दिवस गेले होते, आणि हाड नीट जुळलं नाही. आता तो लोखंडी चौकट धरून घरातल्या घरात फिरतो. कापूस वेचायला माणसं लावतो. लोक म्हणतात, कागद सापडायला वेळ लागला, पोरीनं तरी काय करावं. त्यालाही तेच वाटतं. दिवाळीला त्याने माझ्यासाठी साडी पाठवली. ती मी नेसलेली नाही. माझा त्याच्यावरचा राग गेला का? नाही गेला. त्या ओट्यावरचं हसू मला अजून ऐकू येतं.

बाबा माझ्याशी बोलतात, जेवतात, अंगणवाडीतल्या पोरांचं विचारतात. महिनाभराने एकदा मी भाकरी थापत होते, ते चुलीशी बसले होते. हैदराबादची तपासणी जवळ आली होती. मी म्हटलं, सुट्टी टाकते, शुक्रवारी निघू.

"मी एकटा जाईन," ते म्हणाले.

"काऊन? तेलुगू कोण बोलन तिथं?"

त्यांनी बाहेर आलेला निखारा चुलीत सारला. मग म्हणाले, "त्याचं चुकलं, तं तू त्याले आठ दिस थांबवलं, माय. उद्या माहं चुकलं, तं मले किती दिस थांबवशीन?"

तव्यावरची भाकरी करपली. शुक्रवारी सकाळच्या बसने ते एकटेच गेले.