सोफ्याची खुर्ची कापडात धरायची का?

घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातलं झाडून सगळं कापड धुतलं जातं. गोधड्या, चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, इतकंच काय, मिक्सरवर घातलेलं फुलाफुलांचं टोपडंसुद्धा. त्या दिवसांत जुन्नरच्या कुठल्याही गच्चीवर नजर टाका, गोधडी लोंबताना दिसणारच. ज्या घरावर दिसत नाही, तिथं सुतक आहे असं समजून लोक आवाज खाली करतात.

हे सगळं लहानपणापासून बघत आलोय, पण गेल्या वर्षी मला पहिल्यांदाच शंका आली. आमच्या वडिलांची, म्हणजे दादांची, सोफ्याची खुर्ची कापडात धरायची की लाकडात? लाकडात धरली तर फडकं मारलं की झालं. कापडात धरली तर धुवायला हवी. वरून ती सगळी कापडाचीच दिसत होती. लाकूड असलंच तर आत कुठंतरी, आणि आतलं कोण बघतो?

बायकोला विचारलं. ती पडदे काढत स्टुलावर उभी होती. "पुसायची," ती म्हणाली. "ब्रशने धूळ काढा. वाटीत शाम्पूचा फेस करा आणि नुसता फेस घ्या. पाणी नाही. कोरड्या फडक्याने टिपा, पंख्याखाली ठेवा. आत पाणी जाता कामा नये, कळलं का?"

"कळलं की."

"कळलं की म्हणताय म्हणून भीती वाटते."

दादा पलंगावर बसून हे ऐकत होते. म्हणाले, "तेवढी खुर्ची राहू द्या रं. ती बरी हाय."

त्यांचं बरोबर होतं. ती खुर्ची म्हणजे साधं बसायचं साधन नव्हतं. दादांचे दोन्ही गुडघे गेलेले. पलंग ठेंगणा, प्लास्टिकची खुर्ची मागे कलंडणारी. उठायचं म्हटलं की एका काखेत मी, दुसऱ्या काखेत बायको. दादा दर वेळी म्हणायचे, "मी काय कांद्याचं पोतं हाय का?" मग संडासला जायचं असलं तरी ते आम्हाला हाक मारायचं टाळायला लागले. पाणी कमी प्यायला लागले. पुण्याच्या बहिणीने घर बदललं तेव्हा ही खुर्ची आमच्याकडे आली, आणि पहिल्याच दिवशी दादांनी तिच्या दोन्ही हातांवर पंजे रोवले, "हां!" केलं आणि उभे राहिले. एकटे. त्या दिवसापासून त्यांनी कुणाचा हात धरला नव्हता.

पंजे रोवून रोवून खुर्चीच्या हातांची टोकं मात्र काळी कुळकुळीत झाली होती. गुडघ्यांना चोळायचं तेल, तंबाखू, घाम. मी वाटीत फेस केला, अगदी सांगितल्याप्रमाणे, आणि एका टोकावर फडकं फिरवलं. खालून हिरवा रंग निघाला.

मी थांबलो. आमची खुर्ची तपकिरी होती. निदान मी तरी तिला तपकिरीच समजत आलो होतो.

"अगं, ही हिरवी आहे!"

"मेंदी कलरची आहे. आली तेव्हापासून."

"दादा, तुम्हाला माहीत होतं?"

"मी तिच्यावर बसतो. तिच्याकडं बघत न्हाई."

आता माझ्यासारख्या माणसाला असला हिरवा ठिपका दाखवून थांब म्हणणं म्हणजे छळ आहे. तळहाताएवढी जागा हिरवी आणि बाकी खुर्ची तपकिरी, हे ध्यान तर मुळीच ठेवण्यासारखं नव्हतं. मी पुढे पुसत गेलो. पुसलेलं वाळलं की कडेने पिवळट वर्तुळ उठायचं. ते घालवायला गेलं की शेजारी त्याहून मोठं. मळ जातो कुठे? वाळताना पाणी वर येतं तेव्हा तो बरोबर येत असणार, म्हणजे खरा मळ आत आहे. आत काय आहे? बैठकीला मागून चेन होती. ती मी उघडली. आतून फोमची जाडजूड लादी निघाली, बेकरीतल्या पावासारखी, भोकाभोकांची. नाकाशी धरली आणि मला माझ्या शंकेचं उत्तर मिळालं. कापडातच धरायची.

बायको तेवढ्यात दळण आणायला गेली होती, हेही सांगितलं पाहिजे.

गोधड्या धुवायला आम्ही पिंपरी पेंढारला शेतावर नेतो. तिथं थोरला भाऊ आणि वहिनी असतात. मोटार चालू करायची, हौद भरायचा, पावडरीच्या पाण्यात गोधडी टाकायची आणि वर चढून तुडवायची. गोधडी हाताने धुऊन निघत नाही, तिला पायच लागतात. पिकअपमध्ये गोधड्यांच्या ढिगाखाली मी फोम आणि खोळ दडवून नेली.

वहिनीने ढीग उपसला. "भावजी, ह्ये काय? ह्ये बी तुडवायचं?"

"कापडाच्या आत होतं ना? मग?"

"आत तर माणूस बी असतो," भाऊ म्हणाला. "त्याला तुडवत्यात का?"

तरी तुडवायला पहिला तोच चढला. मग मी. काय सांगू, असलं सुख मला गोधडीने कधी दिलं नव्हतं. पाय रुतला की आतून मातकट पाणी भसकन बाहेर यायचं आणि पाय उचलला की फोम तेच पाणी पुन्हा पिऊन टाकायचा. मळ निघत होता आणि परत जात होता. हे कसं थांबवायचं ते बघायला मी वाकलो, घसरलो आणि हौदात बसलो. वहिनी पदर तोंडाला लावून बाजूला गेली. शेवटी भावाने धोपाटणं आणून लादी बडवली. बाहेर काढताना दोघांनाही ती पेलेना.

"लई पाणी पिलंय राव," भाऊ म्हणाला. "म्हशीगत जड झालंय."

गोधड्या तारेच्या कुंपणावर उन्हं उतरायच्या आत वाळल्या. फोम वाळायला तयार नाही. तेव्हा रिकाम्या कांदाचाळीत ठेवायची कल्पना निघाली, आणि ती माझी होती, हे मी कबूल करतो. कांदाचाळ म्हणजे खाली, बाजूला, सगळीकडे फटी. सडायला टपलेला कांदा जिथं महिनोन्‌महिने कोरडा राहतो तिथं एक फोम वाळणार नाही का? वाळला. वरून. आणि खोळ कुंपणावर वाळून अंगठाभर आखूड झाली.

दोन दिवसांनी घरी आणून लादी खोळीत कोंबली. चेन अर्धीच लागली. बायको माझ्याशी बोलत नव्हती, पण नाक हुंगत होती. "कांदे कुठे सांडलेत?"

खुर्ची मात्र हिरवीगार दिसत होती. मी पंखा फुल्ल केला आणि दादांना आणलं. ते बसले. बसले म्हणजे खाली खाली जातच राहिले. गुडघे छातीशी आले.

"आयला," दादा म्हणाले. "खड्डा झालाय."

त्यांनी पंजे रोवले. "हां!" केलं. कमरेखालचं अंग जागचं हललं नाही. दम घेतला, परत केलं. मी पुढे झालो तर त्यांनी मानेनेच थांबवलं. तिसऱ्यांदा त्यांचे पंजे खुर्चीच्या हातांवरून सुटले. मग त्यांनी पंजे मांडीवर घेतले. इतका वेळ मला सगळं गमतीचं वाटत होतं, ते तिथं संपलं.

"हात दे," दादा म्हणाले.

त्या दिवशी दुपारी त्यांनी चहा नको म्हटलं. का, ते आम्हा दोघांना कळलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पिकअपमध्ये, दादा पुढच्या सीटवर आणि आम्ही गावातल्या गादीवाल्या चाचांच्या दुकानात. सणाची गर्दी, कापूस उडतोय. चाचांनी फोम हातात घेऊन वाकवला. त्याचे दोन थर सुटून दोन दिशांना गेले.

"हे काय झालं?"

"पाऊस लागला," मी म्हणालो.

"पायानं तुडवलाय ह्यानं," दादा म्हणाले. "हौदावर. गोधडीवाणी."

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "दादा, अशी मुलं आहेत म्हणून आमची दुकानं चालतात."

हसणं ओसरल्यावर मी न राहवून विचारलं, दोन थर का होते? खालचा कडक, बसल्यावर धरून ठेवायला, आणि वरचा मऊ, टोचू नये म्हणून, असं ते म्हणाले. म्हणजे दादांना उठवत होता तो खालचा, जो मला कधी दिसलाच नव्हता. खालचा किती कडक होता, हे चाचांना ठाऊक नव्हतं आणि मलाही. ते एकट्या दादांच्या गुडघ्यांना ठाऊक.

चाचांनी एक तुकडा टाकला. दादा बसले. अडकले. मी आणि चाचांनी त्यांना ओढून काढलं. दुसरा टाकला. "दगुड हाय," दादा म्हणाले, पण त्यावरूनही उठता येईना. बसल्यावर ते पुढे घसरत होते. गिऱ्हाइकं आपल्या उशा सोडून बघायला लागली. चाचांनी डोकं खाजवलं, गठ्ठ्यातून तिसरा ओढला, वर पातळ मऊ पट्टी टाकली आणि म्हणाले, "बसा, दादा."

दादा बसले. पंजे खुर्चीच्या हातांवर ठेवले. माझा हात आपोआप पुढे गेला.

"हात खिशात घाल आधी."

मी घातला. दादांनी "हां!" केलं आणि वर आले. पुरते वर नाही, अर्ध्यात जरा थांबले, गुडघा कुरकुरला आणि ते सरळ उभे राहिले.

"जमलं," चाचा म्हणाले. "हाच कापतो मग."

"थांबा," दादा म्हणाले. "आजून एकदा बघू दे." आणि ते परत बसले.