छे नव्हे, शे

धुळ्याजवळच्या एका गावात मी मास्तर होतो. हिवाळ्यात शाळा सुटून सायकलीने धुळ्याला परतताना गाडीवाटेवरच अंधार पडे आणि पुढे हटकून एका गाडीवानाची कडब्याची बैलगाडी असे. पहिल्या दिवशी मी घंटी वाजवून विचारलं, "वाट आहे का?" कडब्याआडून उत्तर आलं, "शे!"

मी साताऱ्याकडचा. मला ऐकू आलं, "छे!" निमूट उतरलो आणि गाडीमागे धूळ खात चालत राहिलो. शेवटी तेच ओरडले, "शे ना भाऊ! बठ्ठी वाट तुमनीच शे!" अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे' आणि 'बठ्ठी' म्हणजे 'सगळी', हे मी असं शिकलो.

त्यांचा चेहरा मी कधी नीट पाहिला नाही. ओळख होती ती आवाजाशी. पुढे खड्डा असला की त्यांचा 'शे' लांबत जाई, तेवढ्यावर मी ब्रेक दाबायचो.

एकदा माझा डायनामो बंद पडला. त्यांनी गाडी थांबवली, आसाखाली टांगलेला कंदील सोडला आणि माझ्या हँडलला बांधला. म्हणाले, "मना बैलेस्ले वाट मालूम शे."

"पण समोरून येणाऱ्याला तुमची गाडी कशी दिसणार?"

"मी शे ना!"

मी कंदील घेऊन पुढे निघालो. मागे, काळोखात, वाटेवरच्या प्रत्येकासाठी त्यांची हाक चालूच होती, "शे! शे!" धुळ्याचे दिवे दिसेपर्यंत ती ऐकू येत होती.

आता मी साताऱ्यात असतो. अंधारात कुणी "कोण आहे?" म्हटलं की माझ्या तोंडून "शे" निघून जातं. लोकांना "छे" ऐकू येतं.