कोनवालीच्या खालचा क्रेट

अन्याय झाला तो पॅकिंगला उभ्या असलेल्या एका बाईवर. गुरुवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी. वेळ मला पाठ आहे, कारण कॉम्प्युटरमधल्या फाइलवर ती आपोआप नोंदली गेलीय. त्या वेळी ती बाई सिल्वासाहून रांध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका धाग्याच्या कारखान्यात उभी होती, आणि मी किलवणी नाक्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात फिरत्या खुर्चीवर बसलो होतो. बसल्या बसल्या मी तिच्या हिरोइनीच्या खालचा क्रेट खोडून टाकला. हे मालकाने केलं नाही, सुपरवायझरने केलं नाही. मी केलं.

आधीच सांगून टाकतो, कारण पत्रकं लिहून लिहून मला दुसऱ्याकडे बोट दाखवायची फार सवय झालीय. वय सव्वीस. दिवसा दुकानात लोकांचे अर्ज टाइप करतो, संध्याकाळी कामगारांच्या मागण्यांची पत्रकं लिहितो. वर मराठी, खाली गुजराती, मागच्या बाजूला हिंदी. चळवळीतल्या ज्या काकांनी मला हे काम शिकवलं त्यांचे नियम साधे होते. वाक्य लहान ठेवायचं. ‘कदाचित’ लिहायचं नाही. पत्रकात आपला माणूस थकलेला दिसता कामा नये. आणि शेवटची ओळ वाचून झाली की वाचणारा उभा राहिला पाहिजे. मी हे सगळं प्रामाणिकपणे पाळलं. आता कंटाळा आलाय, आणि कंटाळा आलाय हे लिहायचीही लाज वाटते, कारण नियमात बसत नाही.

मागणी होती स्टुलांची. एवढीच. धाग्याचे भरलेले कोन, म्हणजे शंकूसारखी मोठी रिळं, पॅकिंगच्या टेबलावर येतात, बायका ते उचलून पिशवीत घालतात, पिशवी खोक्यात, खोकं ढकलायचं, पुढचा कोन. शिफ्ट संपेपर्यंत उभ्याने. पूर्वी तिथे चार स्टुलं होती. एकदा पाहुणे आले, त्यांना एक बाई डुलकी घेताना दिसली, दुसऱ्या दिवशी स्टुलं गायब. बसलं की झोप येते, असं कारण मिळालं. त्यानंतर सुपरवायझर चहाला गेला की बायका प्लास्टिकचा क्रेट उलटा करून पाळीपाळीने त्यावर बसायच्या. लोडिंगवाला पोरगा दारात लक्ष ठेवायचा आणि सुपरवायझर दिसला की मोठ्याने खोकायचा. त्याला बारमाही खोकला होता.

ज्या बाईबद्दल सांगतोय ती मूळची नंदुरबारकडची. तिशीची असेल. मला भाऊ म्हणायची, मी तिला ताई. तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं, मधेमधे बसायला मिळत नसेल तर हे काम सोडा, नाहीतर पायाला जखमा होतील आणि त्या भरणार नाहीत. काम सोडणं तिला शक्य नव्हतं. म्हणजे स्टूल मिळालं तर पाय आणि नोकरी दोन्ही, नाहीतर दोन्हीपैकी एक जाणार. सगळं त्या एका स्टुलावर अडलं होतं.

आणि ही बाई चित्रं काढायची. कोणी शिकवलं नव्हतं. मुलीच्या वहीच्या मागच्या पानांवर, बॉलपेनने. रविवारी तिच्या चाळीच्या ओट्यावर आम्ही स्टुलांबद्दल बोलायला जमलो होतो. दहा-बारा बाया, मधे मी, हातात माझं नवं पत्रक. मी वाचत होतो आणि बाया तांदूळ निवडत होत्या. अर्ध्यावर एकीने विचारलं, “भाऊ, अजून लय आहे का?” मी म्हटलं, थोडंच. ती म्हणाली, “मग पानी पी आधी.”

तेवढ्यात ही ताई आतून वही घेऊन आली. “मी बी एक काढलंय. हसायचं नाही.”

सहा चौकटी होत्या. एक बाई, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, तिचं नाव कोनवाली. कोनवालीने हात लावला की कुठलीही वस्तू वजनच विसरते. पहिल्या चौकटींत ती टेबलावरचे कोन फुलांसारखे उधळून खोक्यात भरते. मग बाहेर आरडाओरडा होतो, लोडिंगवाला ट्रकच्या चाकाखाली अडकलाय. कोनवाली एका हाताने ट्रक उचलते, मालासकट. सगळे बघत राहतात. आणि शेवटच्या चौकटीत कोनवाली क्रेट उलटा करून बसलीय, दुसऱ्या क्रेटवर पाय टाकलेत, चप्पल बाजूला, हातात पाण्याची बाटली. समोर सुपरवायझर, तोंड हे एवढं उघडं. त्याला ती ताईच्याच अहिराणीत सांगतेय, “थांब जरासा. पाय दुखी राह्यनात.”

ओट्यावर असा हशा झाला की शेजारच्या खोलीतला माणूस बाहेर येऊन बघून गेला. वही या मांडीवरून त्या मांडीवर फिरली. “ही तर मीच!” “तू कुठली, तुझ्या पायात चांदीच्या पट्ट्या आहेत, ही मी.” “अगं सुपरवायझरचं नाक बघ, नाक!” एक म्हातारी बाई, जी कधी काही बोलायची नाही, ती बोट ठेवून म्हणाली, “ट्रक उचलला ते बरं केलं. नुसतीच बसली असती तर आळशी म्हटले असते.” मग बोट शेवटच्या चौकटीवर नेऊन, “आन् बसली ते बी बरं केलं.”

माझ्या पत्रकाला कोणी कधी असं हसलं नव्हतं. मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, जरा झोंबलंही.

मी तिला म्हटलं, हे आपण छापू. ती लगेच हो म्हणाली नाही. वही मागे घेतली, पुन्हा पुढे केली. चाळीखालच्या टपरीवर चहा पीत आम्ही त्यावर बोललोही. मी म्हटलं, “ताई, एक अडचण आहे. शेवटी ती बसते.”

“मग?”

“हिरो थकत नसतो. लोक त्याच्याकडे बघतात ते आपल्यापेक्षा मोठं काहीतरी बघायला. आपण थकतो हे आपल्याला माहितीच आहे, त्यासाठी चित्र कशाला?”

ती चहात पाव बुडवत होती. “टीव्हीवरचे ते उडतात ना भाऊ, माझी पोरगी बघते. इमारत पडते अंगावर, तरी उठतात. मला त्यांचं काय वाटतच नाही. आपल्याला ते कुठं ओळखतात?”

“ओळखायचं काय त्यात? उमेद मिळते.”

“उमेद मिळते,” ती म्हणाली, “पन बसायला मिळत नाही ना.” आणि उठली, कारण दुसरी शिफ्ट होती.

इथे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला वाटलं, बाईला अजून चळवळ कळलेली नाही.

गुरुवारी मी वहीची पानं स्कॅन केली. पाच चौकटी जशाच्या तशा ठेवल्या. सहावीतला क्रेट पुसला, दुसराही पुसला. चप्पल पुसली. पाय सरळ केले, हात वर केले, मूठ आवळली, ओढणी वाऱ्यावर उडवली, खाली कारखान्याचं पत्र्याचं छप्पर रेखाटून तिला आकाशात उडवलं. ‘पाय दुखी राह्यनात’ काढून टाकलं आणि ठळक अक्षरांत टाकलं: कोनवाली कधी थकत नाही! उद्गारचिन्हासकट. सेव्ह केलं. चार वीस.

तिला विचारलं नाही. विचारायला वेळ नव्हता असं मी नंतर सांगत असे. वेळ होता. तिचा नंबर माझ्याकडे होता.

शनिवारी शिफ्ट सुटताना गेटवर पत्रकं वाटली. पत्रक हातात घेऊन लोक खानवेलच्या बसकडे पळता पळता वाचत होते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. एकाने माघारी येऊन दुसरं मागितलं, पोरासाठी. मी फुशारलो होतो. मग ताई आली. पानावरून बोट फिरवत शेवटच्या चौकटीपर्यंत गेली, पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

“माझा क्रेट कुठंय?”

मी सांगायला लागलो. वाचणाऱ्याला प्रेरणा, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं, पत्रकाची घडी घातली, डब्याच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “ही मी नाही भाऊ.” आणि पाय ओढत गेली.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरने भेटीला बोलावलं. तिघांना यायची परवानगी होती. ताई, चित्रावर बोट ठेवणारी म्हातारी बाई आणि मी. मॅनेजर पुण्याचे, बोलायला गोड. चहा मागवला. त्यांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंही बसलो, गुबगुबीत खुर्च्यांवर. ताईने पाय जमिनीवर नीट टेकवले होते, परक्याच्या घरी टेकवतात तसे. तिने डॉक्टरांची चिठ्ठी काढली. त्यांनी ती वाचली, बाजूला ठेवली आणि खणातून आमचं पत्रक काढलं.

“हे फार सुंदर आहे हं. मी घरी नेलं होतं. माझ्या मुलाने दारावर लावलंय.” मग चष्मा लावून त्यांनी मोठ्याने वाचलं, “‘कोनवाली कधी थकत नाही.’ हे तुमचंच ना?”

मी हो म्हटलं.

“हे बघा, मी मुद्दाम काही म्हणत नाही. पण तुमचीच हिरोईन एका हाताने ट्रक उचलते, थकत नाही, उडते. तुम्हीच छापलंय. मग स्टूल नेमकं कोणासाठी मागताय?”

माझंच पत्रक माझ्यावर उलटलं होतं. मी काहीतरी बोललो, चित्र वेगळं आणि माणूस वेगळा असं काहीसं. ते मला स्वतःलाच पटेना.

तेव्हा ताई म्हणाली, “साहेब, माझ्या वहीत ती बसलेली आहे.”

ते हसले. वाईट हसले नाहीत, खरंच गंमत वाटल्यासारखे. “ताई, बसलेली हिरोईन कोण बघणार?” मग चिठ्ठी परत देत म्हणाले, “असं करा, लोकांना बसलेली बघायचीय असं मला दाखवून द्या. येत्या सोमवारी पुन्हा भेटू. नाहीतर हा विषय संपला म्हणायचं.”

बाहेर आल्यावर म्हातारी बाई गेटजवळ थांबली. मला वाटलं दम लागला. ती म्हणाली, “मी तेव्हाच सांगितलं होतं, बसली ते बरं केलं म्हणून.”

एवढ्यावर संपलं असतं तर बरं. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा शिपाई आमच्या दुकानात आला. सिल्वासा केवढंसं, आणि मोठी झेरॉक्स कुठे कुठे निघणार! हातात पत्रक, शेवटच्या चौकटीवर पेनने गोल. “इतना बडा कर दो, और लॅमिनेशन.” दुकानमालक समोर होता. मी चौकट मोठी केली. लॅमिनेशनच्या मशीनमधून ती गरम गरम बाहेर आली, हात वर करून. मी कडा कापल्या, गोल कोपरे केले, गुंडाळून दिली. आता ती पॅकिंगच्या टेबलासमोर भिंतीवर आहे. ताई तिच्याकडे तोंड करून उभी असते. क्रेट सुपरवायझरने उचलून गोडाऊनमध्ये टाकलेत. पोरगा आता खोकत नाही.

मी माफी मागायला चाळीवर गेलो. ती दाराला टेकून बसली होती, पाय उशीवर.

“माफीबिफी राहू दे,” ती म्हणाली. “इतके दिवस तू बोलला, आता मी सांगते. ती ट्रक उचलते म्हणून मला आवडते. तेवढी ताकद मला कधी यायची नाही, म्हणूनच मी काढली. पन ट्रक उचलून बी तिला बसावंसं वाटतं, तर मला वाटलं तर काय चूक? एवढंच होतं ते. तू अर्धंच ठेवलं.”

मी म्हटलं, “दुसरं पत्रक काढतो. तुमचं आहे तसं.”

“तू नको काढू. तुझं पुन्हा काहीतरी उडेल.” आणि हसली, बऱ्याच दिवसांनी. “साहेब म्हनला ना, कोन बघणार? ज्यांनी वाचलं त्यांनाच काढू दे.”

वर्षानुवर्षं मी उमेद वाटत आलो. मोठी माणसं, वर केलेले हात. वाचणाऱ्याला स्वतःपेक्षा मोठं काही दिसायला हवं, हे मला आजही पटतं. पण त्या मोठ्याच्या पायाला कळ येत नसेल, तर ते वाचणाऱ्याचं राहत नाही, मॅनेजरचं होतं, आणि भिंतीवर टांगून तुमच्याच तोंडावर मारलं जातं. हे शिकायला मला एका बाईचे पाय लागले. ते अजून उभे आहेत. मी हे बसून लिहितोय.

तुम्ही उभे राहा असं मी या वेळी सांगणार नाही. पेन घ्या. पत्रक असेल तर त्याच्या शेवटच्या चौकटीवर, नसेल तर कुठल्याही कोऱ्या कागदावर, तिच्या खाली क्रेट काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही. दुसरा क्रेट काढा, त्यावर तिचे पाय ठेवा, चप्पल बाजूला काढा. बाजूला तिचेच शब्द लिहा, ‘पाय दुखी राह्यनात’, खाली तुमचं नाव लिहा, आणि सोमवारच्या आधी तो कागद कारखान्याच्या गेटवर आमच्याकडे आणून द्या. तिला बसवा.