उसाच्या रांगेत राहीची सही

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात भीमराज भिंगारदिवे वजनकाट्यावर क्लार्क होता. उसाची गाडी काट्यावर चढली की तो खिडकीतून डोकं बाहेर काढायचा आणि वजन चालीवर सांगायचा. दोन टनांच्या आत असेल तर भूपाळी, वर गेलं तर थेट पोवाडा. गाडीवानांना त्याची सवय झाली होती. एखाद्या दिवशी तो रजेवर असला आणि बदलीच्या माणसानं नुसता आकडा सांगितला, तर ते विचारायचे, "भीमराजच्या घरी समदं बरं हाय ना?"

गाणं त्याला वडिलांकडून आलं होतं. त्याचे वडील कारभारी जलशात ढोलकी वाजवत गावोगाव हिंडले होते. घरात जमीन नव्हती, पण पेटी होती; गोधडीत गुंडाळून तान्ह्या लेकरासारखी कोपऱ्यात निजवलेली. त्या पेटीवर भीमराजनं एकोणीसशे एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात एक संगीत नाटक रचलं आणि त्याला नाव दिलं 'राहीची सही'.

राही म्हणजे त्याची आई. राहीबाईंनी सत्तावन्न वर्षं सगळीकडं अंगठा उठवला आणि मग साक्षरतेच्या वर्गाला जाऊन तीन महिन्यांत सही शिकल्या. ग्रामपंचायतीत पहिल्यांदा सही करायला गेल्या, तेव्हा तिथल्या माणसानं सवयीनं शाईचं पॅड पुढं सरकवलं. राहीबाईंनी ते मिटून त्याच्या हातात दिलं आणि पेन मागितलं. एवढंच नाटक. दीड तास, नऊ गाणी, तीन माणसं. भीमराज पेटीवर. त्याची बायको भारती राही व्हायची. आणि गहिनीनाथ नावाचा टायरगाडीवाला, म्हणजे टायरच्या बैलगाडीनं ऊस वाहणारा, ढोलकी वाजवून उरलेल्या वेळात नवरा, मास्तर, ग्रामसेवक आणि शेळी व्हायचा. शेळी त्याला सगळ्यात छान जमायची. खुद्द राहीबाई पुढं बसायच्या आणि खेळ चालू असतानाच सांगायच्या, "मी असं बोलले नव्हते. मी दोन शिव्या बी घातल्या हुत्या."

पहिला मोठा खेळ लागला तो गावच्या चैत्रातल्या जत्रेत. पंचांनी त्यांना शाळेच्या ओट्यावरची जागा दिली, संध्याकाळी सहाची वेळ. भारतीनं नवं नऊवारी नेसलं. माणसं जमली पण, शंभरेक असतील. पहिलं गाणं झालं, दुसरं सुरू झालं, आणि तेवढ्यात माळावरून असा काही आवाज आला की ओट्यावरची पाटी थरथरली.

'स्वर्गलोक दर्शन' नावाची कंपनी आली होती. चार ट्रक, दोन जनरेटर, फिरता रंगमंच, लाल-हिरवा धूर आणि वरून दोरावर उतरणाऱ्या सहा अप्सरा. शिवाय उंट होता. स्वर्गात उंटाचं काय काम, हे कुणी विचारलं नाही. शाळेपुढची माणसं आधी एकेक करून उठली, मग रांगेनं, मग सतरंजी मोकळीच झाली. उरले सहाजण. त्यांतले दोघं झोपले होते आणि एक राहीबाई होत्या. शेळीचा प्रवेश आला तेव्हा शेळीही नव्हती. गहिनीनाथ उंट बघायला गेला होता.

"येतो म्हनाला एवढ्यात," राहीबाईंनी सांगितलं. "माझ्याकडं कान काढून ठेवलेत त्यानं."

भारतीनं शेळीशिवाय प्रवेश केला. शेळीचं बोलणंही तीच बोलली.

दुसऱ्या दिवशी भीमराज स्वतः स्वर्गलोक बघायला गेला, शिव्या द्यायच्या ठरवून. अप्सरा उतरायला लागल्या तसा तो उभा राहिला. उंट गुडघ्यावर बसला तसा त्यानं टाळ्या वाजवल्या. घरी आला तो पोरासारखा लाल होऊन. भारतीनं भाकरी थापता थापता विचारलं, "गोष्ट काय हुती?"

भीमराज चुलीपुढं टेकला. "एक राजा हुता," तो म्हणाला. मग बराच विचार करून म्हणाला, "बहुतेक."

"गानं म्हना एखादं त्यातलं."

एकही ओळ त्याला आठवेना. पण अप्सरा कशी उतरली, हे त्यानं चुलीपुढं हात पसरून दोनदा करून दाखवलं. भारतीला तेव्हाच कळलं की आता आपलं काही खरं नाही.

आणि खरंच, पुढचे सहा महिने घरात नाटकाऐवजी यंत्रं शिरली. भीमराजनं विहिरीवरची कप्पी मागून आणली. टेम्पोचे जुने दिवे आणले, त्यांवर पतंगाचा रंगीत कागद चिकटवला. धुरासाठी टोपलीभर उसाचं चिपाड ओलं करून ठेवलं. 'राहीची सही'मध्ये आता राही सही शिकली की ज्ञानाच्या आकाशातून पाटी घेऊन खाली उतरणार होती.

"मी ग्रामपंचायतीत चालत गेल्ते," राहीबाई म्हणाल्या.

"आई, लोकांना कायतरी बघायला पायजे."

"मंग मला बघा की."

दिवाळीनंतर कर्जतच्या बाजूला एका गावात हा नवा खेळ लागला. दुपारची वेळ, बाजारतळावर कडुलिंबाचं झाड, झाडाला कप्पी, कप्पीला दोर, दोराला भारती. गहिनीनाथनं चिपाड पेटवलं. ओल्या चिपाडाचा धूर वर जाईना; तो जमिनीवरून सरपटत सरळ पुढच्या रांगेत गेला. गाव खोकायला लागलं. तेवढ्यात दिव्यांची वायर जळाली आणि कप्पी अडकली. भारती जमिनीपासून दहा फुटांवर, हातात पाटी घेऊन, झाडाला लागलेल्या भोपळ्यासारखी हळूहळू गोल फिरत राहिली.

खाली भीमराज पेटी सोडून दोर ओढत होता. गहिनीनाथ दोर सोडायचा की धरायचा ते विचारत होता. भारतीनं वरून दोघांकडं एकदा पाहिलं आणि गायला सुरुवात केली. पेटी नाही, ढोलकी नाही, नुसता तिचा गळा.

"'रा'ला काढला काना गं, उभा जसा दांडा,
'ही'वर दिली वेलांटी, डोईवरला हांडा..."

खोकणारी माणसं हसायला लागली आणि हसता हसता गप्प झाली. गाणं पुरं होईपर्यंत कुणी हललं नाही. मग कुणीतरी शिडी आणली. शेजारच्या गावाचे सरपंच तिथं आले होते. त्यांनी लगेच पुढच्या आठवड्याचं आमंत्रण दिलं, फक्त एक अट घातली. "बाईंना असंच टांगायचं."

घरी परतल्यावर भारती चुलीपुढं बसली. "आवं, तुमच्या नाटकात शेवटी काय हुतं?"

"राही सही करती."

"करताना तिचं बोट थरथरतं. ते बोट दिसलं तर नाटक हाय, न्हाई दिसलं तर नुसती बाई पाटीवर रेघा मारती. तुमची ती अप्सरा अर्ध्या माळावरनं दिसती. माझं बोट किती लांबनं दिसंल, सांगा."

भीमराजनं आपलं बोट चुलीच्या उजेडात धरून पाहिलं. मग एकेक पाऊल मागं सरकत दारापर्यंत गेला. "एवढ्या लांबनं," तो म्हणाला.

"मंग तेवढीच मानसं बसवा."

पण तेवढीही माणसं बसेनात. जत्रेच्या पंचांना माळ भरणारा खेळ हवा होता. चाळीस माणसांच्या नाटकासाठी कुणी मांडव घालत नव्हतं. हंगाम सुरू झाला, तीही सबब मिळाली. गहिनीनाथ गाडी घेऊन उसाच्या रांगेत अडकला. त्या साली ऊस इतका झाला होता की कारखान्याच्या फाटकापासून टायरगाड्यांची रांग दीड मैल मागं गेली होती. आज लावलेली गाडी उद्या काट्यावर यायची. सोडून जावं तर नंबर जातो.

"तालमीला येतोस का?" भीमराजनं विचारलं.

"नंबर जाईल," गहिनीनाथ म्हणाला. "तालीमच हिकडं आना."

म्हणून जानेवारीतल्या एका दुपारी, काट्यावरची पाळी संपल्यावर, भीमराजनं उसाच्या मोळीवर पेटी मांडली. भारती उन्हात उभी राहिली, राहीबाई जुवावर बसल्या. तालीमच होती ती. पण दीड मैलाच्या रांगेत माणसांना करायला दुसरं काय होतं? पहिल्या गाण्याला मागचे चार गाडीवान आले. दुसऱ्याला पुढचे सात. तिसऱ्याला ऊसतोडणीच्या बाया आल्या, डोक्यावर वाढ्याचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे तसेच. शेळी आली तेव्हा रांगेतले खरे बैल कान टवकारून बघायला लागले. कुणीतरी ओरडून शेळीला वाढं दिलं आणि गहिनीनाथनं ते खाल्लं.

पुढं रांग हलली. पुढच्या गाड्या काट्याकडं सरकल्या. इकडं मात्र कुणी बैलाला हात लावला नाही. अर्धा मैल रस्ता मोकळा पडला. काट्यावरचा ऊस संपला, मग अंगणातला संपला, आणि गव्हाण, जिच्यात ऊस ओतून कारखाना चालतो ती, रिकामी फिरायला लागली.

शेतकी अधिकारी खेतमाळीस साहेब मोटारसायकलवरून आले ते धुळीचा लोट घेऊन. गाडीवानांचं कडं होतं, त्यांना आत काही दिसेना. मोटारसायकल चालू ठेवूनच ते एका उसाच्या गाडीवर चढले. खाली भारती गुडघ्यावर पाटी घेऊन बसली होती आणि तिचं बोट थरथरत होतं. सगळ्यात मागच्यालाही ते दिसत होतं.

"कोन जबाबदार हाय ह्याला?" साहेबांनी हळू आवाजात शेजाऱ्याला विचारलं.

"गप बसा, वेलांटी काढती ती," शेजारी म्हणाला.

साहेब गप बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "किती राहिलंय?"

"दोन गानी."

साहेब खाली उतरले, मोटारसायकल बंद केली आणि परत वर चढले.

अर्थात दुसऱ्या दिवशी भीमराजला लेखी खुलासा मागितला गेला. गव्हाण पंचवीस मिनिटं रिकामी का राहिली? भीमराजनं एका वाक्यात लिहिलं, 'राही सही करीत होती.' त्यावर कारखान्यात आठवडाभर हसं झालं, खेतमाळीस साहेबांना दोनदा वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांकडं जावं लागलं, आणि शेवटी हुकूम निघाला. रांगेत नाटक करायला सक्त मनाई. तोडणी कामगारांच्या कोप्यांपुढं, त्या पाचटाच्या झोपड्यांपुढं, बाजाराच्या दिवशी, दुपारी चारनंतर परवानगी.

तिथं सहा हंगाम नाटक चाललं. जागा इतकी अरुंद की पन्नासाच्या वर माणूस मावत नसे. भीमराजला त्याचं वाईट वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. दर चैत्रात स्वर्गलोकवाले यायचे, दर वर्षी काहीतरी वाढवून. एकदा खराखुरा धबधबा आणला, एकदा लाकडी विमान. भीमराज पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा आणि येताना म्हणायचा, "हजारभर मानसं हुती, भारती. हजारभर." आणि भारती म्हणायची, "व्हय, आनी त्यातला एक तुमी."

पंचाण्णवच्या हंगामात भारतीचा गळा बसला. आवाजाच्या नावानं नुसती फुंकर निघू लागली. खेळ रद्द करायचा ठरत होता, तेव्हा लंकाबाई पुढं आली. ही पाथर्डीकडची तोडणीवाली, चाळिशीची, अंगानं काटक. रांगेतल्या त्या पहिल्या दुपारी ती डोक्यावर भारा घेऊन उभी होती आणि तेव्हापासून तिनं एकही खेळ चुकवला नव्हता.

"मला समदी गानी येत्यात," ती म्हणाली. "मोळ्या बांधताना म्हनते मी. उभी ऱ्हाऊ का?"

उभी राहिली, आणि गायली काय, कोप्यांवरचे कावळे उडाले. राहीबाईंनी दोन ठिकाणी टोकलं, तर तिनं त्यांनाच ओढून शेजारी बसवून घेतलं. सहीची वेळ आली. पाटी गुडघ्यावर, खडू हातात. लंकाबाई थांबली. पेटीचा सूर वाजत राहिला. ती भारतीकडं वळून म्हणाली, "ताई, मला ल्ह्याया येत न्हाई. मी नुसतं तसं दावनार हुते."

राहीबाईंनी तिचा हात धरला. "'राही' कशाला लिहितीस? तुजं नाव ल्ही," त्या म्हणाल्या. भारतीला गळा नव्हता, तरी ती पुढं सरकून त्या फुंकरीतच म्हणाली,

"'लं'वर दिलं टिंब गं, जोंधळ्याचा दाना,
'का'ला नगं भिऊ बाई, 'का'ला बी हाय काना..."

गहिनीनाथनं ढोलकी धरली, सगळ्या कोप्यांनी ओळ उचलली आणि लंकाबाईचं बोट खरोखरचं थरथरत पाटीवरून फिरलं. 'लं' वाकडा आला. 'का' त्याहून वाकडा. तिनं पाटी उलटी करून लोकांना दाखवली, मग स्वतःकडं वळवून पाहिली, परत लोकांना दाखवली. मग इतकी हसायला लागली की तिला खाली बसावं लागलं.

नाटकात पुढं एक गाणं होतं. ते झालंच नाही. पुढं बसलेली दगडाबाई उठून म्हणाली, "मला बी दाव माजं." तिच्यामागून तिची जाऊ उठली. मग एक मुकादम उठला, ज्याला लिहिता येतं असं सगळ्यांना इतकी वर्षं वाटत होतं. पाटी हातोहात मागं गेली. राहीबाई खडू घेऊन मास्तरीण झाल्या आणि दोन शिव्याही घातल्या. भीमराज पाटी परत येईल म्हणून एकच सूर धरून बसला होता. भाता हलवून त्याचा हात भरून आला, सूर तुटेना, आणि पाटी काही येईना. शेवटी त्याला इतकं हसू लोटलं की त्यानं पेटीवरच डोकं टेकलं आणि एकदम आठ-दहा सुरांचा, कारखान्याच्या भोंग्यासारखा, भोंगा वाजला.

"पेटीमास्तर, पाळी सुटली का?" मागून कुणीतरी विचारलं.

"न्हाई," भीमराज डोकं वर न करता म्हणाला, "बसा."