हरलेल्याची खुर्ची

"रेघ हलते, माणसं तिथंच असतात," असं म्हणत सर मुलांच्या पायांमधून फक्की ओढायचे. कबड्डीचं मैदान आखतात तीच पांढरी फक्की. नाशिकरोडच्या आमच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे, मी गणित. पहिलं महायुद्ध आलं की सगळा वर्ग मैदानावर. मुलं उभी केली की झाला युरोप. मग तह व्हायचा. ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचे तुकडे पडायचे, नकाशावरून पुसलेला पोलंड पुन्हा उगवायचा, आणि एखादी मुलगी म्हणायची, "सर, माझा एक पाय दुसऱ्या देशात गेला."

"मग त्या पायाला नवी भाषा शिकव," सर शांतपणे सांगायचे.

व्हर्सायच्या तहात हरलेल्या जर्मनीला चर्चेला बसवलंच नव्हतं, नुसतं सहीला बोलावलं होतं. ते कळावं म्हणून सर 'जर्मनी'तल्या पाच मुलांना फाटकाबाहेर उभं करायचे. एकदा रंगात येऊन ते त्यांना विसरलेच. तास संपला, जर्मनी उन्हात. वर्ग बुडवला म्हणून मुख्याध्यापकांनी पाचही जणांना अंगठे धरायला लावले. दुसऱ्या दिवशी सरांनी भर वर्गात त्यांच्यापुढे हात जोडले. "चूक माझी. पण तेव्हा जर्मनीलाही असंच बाहेर ठेवलं होतं. वीस वर्षांत पुन्हा युद्ध पेटलं."

असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. आम्ही शिक्षकखोलीत हसून बेजार झालो. सगळ्यांत जास्त मी.

वणीजवळ आमचा मळा आहे. बांधावरून धाकट्या भावाशी मी सात वर्षं कोर्टात भांडलो. दिवाळीचा फराळसुद्धा या घरातून त्या घरात जात नव्हता. निकाल माझ्या बाजूनं लागला. नवा बांध कुठून जाणार तो कागद मीच लिहिला आणि साक्षीदार म्हणून सरांना मळ्यावर नेलं. ताठ्यात होतो, खोटं कशाला बोलू?

सरांनी कागद वाचला, चष्मा काढला. "धाकटे कुठं आहेत?"

"सहीपुरता बोलावू की. हरलाय तो."

सर उठले. ओसरीवरची खुर्ची स्वतः उचलून त्यांनी माझ्यासमोर मांडली. "आधी त्यांना इथं बसवा. तोवर माझी सही नाही."

मला राग आला, पण निरोप धाडला. धाकटा आला, खुर्चीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "दादा, माझं काय म्हणणं नाय. इहिरीकडं जायची वाट तेवढी राहू दे. मला दुसरी वाटच नाय."

गणिताच्या मास्तरानं रेघ अगदी सरळ आखली होती. ती त्याच्या वाटेवरून जाते हे मला दिसलंच नव्हतं. मी कागद फाडला, वाट सोडून बांध वळवला. मग सरांनी सही केली आणि दोघांकडून चहा मागून घेतला.

भाऊ मला परत मिळाला तो त्या खुर्चीमुळे. हे सरांना एकदा सांगायचं होतं. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत राहून गेलं.

गेल्या वर्षी सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मळ्यातच होतो. बांधावर बसून राहिलो. मान वर केली तर विहिरीच्या वाटेनं धाकटा येत होता, हातात गाडीची किल्ली.

"ऊठ दादा. सरांना पोचवायला दोघं जाऊ."