वाचनवहीतल्या सह्या

ग्वेन पिल्चरने टेकडीवरच्या मुलींच्या ग्रामर शाळेत सव्वीस वर्षं जेवण वाढलं. "कस्टर्ड घालू का गं?" हा प्रश्न तिने किती पोरींना विचारला असेल, देवच जाणे. त्यातल्या काही पुढे वकील झाल्या, काही डॉक्टर. गावातली दातांची डॉक्टरीणसुद्धा ग्वेनच्याच हातचं कस्टर्ड खाऊन मोठी झालेली. तिच्या खुर्चीत तोंड उघडून पडलं की ग्वेनला हमखास आठवायचं, ही गाजरं बाजूला काढून ठेवायची.

पण त्या शाळेत ग्वेन आली ती मागच्या दाराने, स्वयंपाकघरात. पुढच्या दाराने यायची संधी तिला अकराव्या वर्षी एकदाच मिळाली होती. इंग्लंडातल्या केंट परगण्यातल्या सगळ्या मुलांसारखी तीही ग्रामरच्या प्रवेशपरीक्षेला बसली आणि नापास झाली; पास होतील त्यांनाच ती शाळा घेई. निकालाचं पत्र वाचून बाप म्हणाला, "चला, बसचं तिकीट वाचलं," आणि फावडं घेऊन बटाट्यांच्या वाफ्याकडे निघून गेला. तो चांगला माणूस होता. त्याने ते हसतच म्हटलं होतं. ग्वेनच्या मनातून मात्र ते वाक्य पन्नास वर्षांत गेलं नाही.

तिची मुलगी डॉना परीक्षेला बसलीच नाही. ती टेकडीखालच्या, परीक्षेशिवाय घेणाऱ्या शाळेत गेली, शिकली, आणि आता वृद्धांच्या निवासात पाळीने काम करते. नवरा सोडून गेल्यापासून डॉनाची मुलगी टिली शाळा सुटली की थेट ग्वेनकडेच येई.

टिली वाचणारी पोर होती. ग्वेन इस्त्री करत असली की ही इस्त्रीच्या टेबलाखाली बसून मोठ्याने वाचायची. समुद्री चाच्याचा आवाज खर्जातला, राणीचा नाकातून, आणि कुत्र्याचा तर असा की शेजारचा खरा कुत्रा भुंकायला लागायचा. ग्वेन इस्त्री थांबवून हसत बसे. दोन उशांचे अभ्रे त्यापायी जळले. वाचून झालं की टिली शाळेची निळी वाचनवही पुढे करी. रोज वीस मिनिटं वाचायचं, पुस्तकाचं नाव लिहायचं आणि घरातल्या मोठ्या माणसाने सही करायची, असा शाळेचा नियम. ग्वेन चष्मा लावून अगदी बँकेत करावी तशी सही करायची.

टिली पाचवीत होती, तेव्हा एका रविवारी जेवताना ग्वेनने विषय काढला. "डॉना, टिलीला ग्रामरच्या परीक्षेला बसवायचं."

"बसली तर बसली, मम. पण त्यासाठी पोरीला पिळायचं नाही हं. खालची शाळा काय वाईट आहे? मी तिथेच शिकले ना?"

"म्हणूनच म्हणते."

तोंडातून गेलं ते गेलं. डॉनाने काटा खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि मटार खायला लागली.

जानेवारीपासून ग्वेनच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. खासगी शिकवणीवाल्या बाईंकडे दोन वर्षांची रांग होती. ग्वेन म्हणाली, मीच बघते. सरावाच्या पेपरांचा गठ्ठा आला. अंडी उकडताना लावायचं कोंबडीच्या आकाराचं गजराचं घड्याळ टेबलावर आलं. प्रश्न एका कागदावर, उत्तरं दुसऱ्यावर. चौकोनात पेन्सिलीची आडवी रेघ मारायची, कारण तपासणार यंत्र. आकृत्या फिरवायच्या, अक्षरांची कोडी सोडवायची, उतारा वाचून नेमकं उत्तर निवडायचं. कोंबडी वाजली की पेन्सिल खाली.

जुनी मैत्रीण पॅट चहाला आली आणि दारातच थबकली. "ग्वेन, परीक्षेला टिली बसणार आहे की तू?"

"तू चहा पी गप."

ग्वेनची शिस्त कडक, पण मायाही तितकीच. पेपर संपला की टोस्टवर बीन्स, वर किसलेलं चीज. टिली कुरकुर करत नसे. नॅनला, म्हणजे आजीला, बरं वाटतंय एवढं तिला कळत होतं.

फेब्रुवारीतली गोष्ट. दोन पेपर ओळीने झाले होते आणि टिलीचे डोळे लाल दिसत होते. तिने दप्तरातून वाचनवही काढली. "नॅन, अजून वीस मिनिटं वाचायचं राहिलंय."

"आण इकडे." ग्वेनने पुस्तकाचं नाव लिहिलं आणि सही ठोकली.

"पण मी वाचलं नाही ना. हे खोटं नाही का?"

"पेपरात उतारा होता की नाही? तो वाचलास की नाही? मग झालं वाचन."

टिलीने विचार केला आणि मान हलवली. नॅन चर्चमध्ये दर शनिवारी मेणबत्त्यांचे पितळी स्टँड घासते, नॅन खोटं कशाला बोलेल?

पुढे त्याची सवयच झाली. शुक्रवारी पाच सह्या एकदम. पुस्तकाचं नाव बदलायचं तरी कशाला? ईस्टरपासून जुलैपर्यंत तिथे एकच नाव राहिलं, बोटीवर राहणाऱ्या एका मांजराच्या गोष्टीचं. सव्विसाव्या पानावर खूण घालून ते पुस्तक दप्तराच्या तळाशी पडून होतं. शाळेत नद्यांवर मोठं लिखाण चाललं होतं, तेव्हाही ग्वेनने सांगून टाकलं, "दोन ओळी लिही नि दे. त्या वह्या कोण बघतंय? यंत्र बघणार ते महत्त्वाचं."

एकदा फाटकापाशी टिलीच्या वर्गशिक्षिका मिस डफी भेटल्या. बाई तरुण, आवाज मऊ. "मिसेस पिल्चर, टिली अजून तेच मांजराचं पुस्तक वाचतेय?"

"अहो, भारी आवडलंय तिला. पुन्हा पुन्हा वाचते."

"असं होय," मिस डफी म्हणाल्या. मग वळून वर्गाकडे गेल्या.

त्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर आपल्या चुकांची कबुली देताना ग्वेनचा आवाज मध्येच बारीक झाला. तिने मनात म्हटलं, देवा, हे पोरीसाठी आहे. देवाला पटलं असं तिने आपणच ठरवून टाकलं.

सप्टेंबरात परीक्षा झाली. ऑक्टोबरात निकाल आला, आता पत्र नाही, डॉनाच्या फोनवर. ग्वेनच्या स्वयंपाकघरातच डॉनाने तो उघडला. गणितात भरपूर, आकृत्यांत भरपूर. इंग्रजीत तीन गुण कमी. आणि एका विषयात कमी म्हणजे ग्रामर नाही.

"कशात कमी?" टिलीने विचारलं.

"इंग्रजीत, राणी."

टिली गोंधळली. रडली नाही. "पण इंग्रजी तर मला येतं," ती म्हणाली आणि ग्वेनकडे बघितलं. पेपरातलं उत्तर चुकलं की ती असंच बघायची, आता नॅन समजावून सांगेल म्हणून. ग्वेन उठून किटली भरायला गेली. किटली भरलेलीच होती.

मार्चमध्ये टिलीला खालची शाळा मिळाली, तशी डॉनानेच अपील करायचं ठरवलं. "तीन गुण म्हणजे काय गं, मम! पोर हुशार आहे हे सगळ्यांना माहीत आहे." अपीलाला तीन परक्या माणसांपुढे जायचं, आणि मूल हुशार आहे हे दाखवायचं कशाने? तर शाळेतल्या वर्षभराच्या वह्यांनी. जिथे यंत्राचं काम संपतं तिथे माणसं वह्या बघतात, हे टेकडीवर सव्वीस वर्षं जेवण वाढूनही ग्वेनला माहीत नव्हतं. स्वयंपाकघरापर्यंत हे कोण सांगायला येतंय?

मिस डफींनी पाचवीच्या वह्या काढून ठेवल्या होत्या. डॉना ग्वेनला घेऊन शाळेत गेली आणि त्या चाळू लागली. नाताळापर्यंत पानं भरून, समासातसुद्धा चित्रं. मग पान अर्धं. मग दोन ओळी. खाली हिरव्या शाईत, "टिली, तू याहून खूप छान लिहितेस, पूर्ण कर." पुढच्या पानावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यावर नुसतंच, "टिली?"

"मिस, त्या वर्षी काय झालं होतं हिला?" डॉनाने विचारलं.

"तुम्हाला विचारावं असं किती वेळा मनात आलं. पण वाचनवहीत रोज सही असायची. मला वाटलं, घरी लक्ष आहे."

ग्वेन हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत बसली.

मे महिन्यात अपीलाचा दिवस आला. डॉनाने सोबत म्हणून ग्वेनला नेलं. टेकडीवरच्या शाळेत ती पहिल्यांदाच पुढच्या दाराने शिरली. लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या, चेहऱ्याने मायाळू. त्यांनी डॉनाचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकलं. मग निळी वही उघडली.

"वाचनाची नोंद रोजची आहे. एकही दिवस चुकलेला नाही. हे सहसा दिसत नाही." त्यांनी पानं उलटली. "फक्त पुस्तक एकच आहे. बारा आठवडे."

"तिला आवडलं असेल," डॉना म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

"सह्या आजींच्या आहेत ना? तुम्ही काय सांगाल, मिसेस पिल्चर?"

उत्तर तयार होतं. फाटकापाशी एकदा देऊन झालं होतं. पुन्हा दिलं असतं तर कदाचित चाललंही असतं. बाहेर जेवणाची घंटा झाली, पायऱ्यांवरून मुलींचा लोंढा खाली उतरला, तो आवाज ग्वेनच्या ओळखीचा होता.

"तिने वाचलं नाही," ती म्हणाली. "मी वाचू दिलं नाही. सह्या सगळ्या माझ्या आणि सगळ्या खोट्या. वह्या अर्ध्या आहेत त्याही माझ्यामुळे. पोरीचा त्यात काही दोष नाही. मी मध्ये पडायच्या आधीची पानं बघा. ती खरी टिली आहे."

मधल्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "धन्यवाद," एवढंच म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर डॉनाने किल्ली लावली, पण फिरवली नाही. "मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"तुला नेहमी माझीच लाज वाटत आलीय, मम."

"नाही गं, तसं नाही…"

"'म्हणूनच म्हणते.' विसरलीस? मी नाही विसरले." डॉनाने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. "टिलीला यातलं काही सांगू नकोस. तिला तू अजून खरी वाटतेस."

आठ दिवसांनी पत्र आलं. नकार. ग्वेनला त्यात नवल वाटलं नाही. खरं बोललं की देव लगेच पदरात काहीतरी टाकतो, असं तिला लहानपणी वाटायचं. आता तिने फक्त मान खाली घातली.

सप्टेंबरात टिली खालच्या शाळेत जाऊ लागली. शाळा तिला आवडली. दोन मैत्रिणी झाल्या, विज्ञानाचे सर विनोदी निघाले. वाईट असं काही झालं नाही, डॉना म्हणत होती ते खरंच होतं. त्या शाळेचीही वाचनवही होती, लाल रंगाची.

पहिल्याच शुक्रवारी टिलीने ती ग्वेनपुढे सरकवली. "नॅन, पाचही दिवसांच्या कर ना."

"आधी वाच. मी इस्त्री लावते."

टिलीला आश्चर्य वाटलं, पण तिने पुस्तक काढलं. टेबलाखाली आता ती मावत नव्हती. खुर्चीवर ताठ बसून तिने वाचायला घेतलं. गोष्टीत एक म्हातारा खलाशी होता, एक पोपट होता. दोघंही एकाच आवाजात बोलत होते, भराभर, कुठेही न थांबता. वाचता वाचता टिलीची नजर दोनदा टेबलावरच्या त्या जागेकडे गेली, जिथे पूर्वी घड्याळाची कोंबडी असायची. ग्वेनने ती केव्हाच चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत देऊन टाकली होती.

दोन पानं झाली. टिली थांबली आणि वाट बघत राहिली.

"काय गं?"

"प्रश्न विचार ना."

"प्रश्न नाहीत, राणी. नुसतीच गोष्ट आहे."

"मग संपलं?" टिलीने पुस्तक मिटलं. खूण घालायला विसरली.

ग्वेनने इस्त्री उभी करून ठेवली, चष्मा लावला. लाल वहीत त्या दिवसाच्या रकान्यात तिने लिहिलं, "दोन पानं." खाली सही केली. वरचे चार रकाने तिने तसेच कोरे ठेवले.