आक्काच्या कोंबड्यांतली नवी पिल्लं

वैशाखात आक्काचं लग्न झालं, ती केंदूरला नांदायला गेली आणि दौंडच्या आमच्या घरामागच्या कोंबड्या माझ्याकडे आल्या. वडील रेल्वेत होते. त्यांच्या पाळ्या बदलत, तशी घरातली जेवणंही मागंपुढं होत. कोंबड्यांचं मात्र आक्का वेळेवर करायची. खुराड्याची फळी काढणं, राख पसरणं, कण्या टाकणं, सगळं मी तिच्यासारखंच करू लागले. तरी लाल कोंबडी माझ्या हातून खाता खाता मधेच मान वळवून दाराकडं बघायची. मग मीही बघायचे.

आषाढात शेजारच्या चाचींची कोंबडी मांजरानं नेली आणि तिची मुठीएवढी पिल्लं मागं राहिली. चाचींच्या मालकांची बदली झालेली, बिऱ्हाड हलवायचं होतं. जायच्या दिवशी त्यांनी पिल्लं टोपलीतून आमच्या ओट्यावर आणून ठेवली. आक्का असती तर मला घोर नव्हता, असं आईला म्हणाल्या.

मी टोपली थेट कोंबड्यांच्या मधे रिकामी केली. लाल कोंबडीच सगळ्यांत आधी धावून आली. तिनं एका पिल्लाच्या डोक्यातून रक्त काढलं. आईनं त्याला हळद लावली आणि बाकीची घरात आणून झाकली. आता आक्कालाच विचारायला हवं, असं म्हणून मी हट्ट धरला. पिल्लांची काळजी खरी होती, पण त्याहून जास्त मला आक्काला बघायचं होतं.

वडिलांनी सुट्टीच्या दिवशी नेलं. दोन एसट्या बदलल्या, पुढं चिखलातून चालत गेलो. आक्का बाजरी खुरपून आली होती. डोक्यावर पदर, कोपरापर्यंत माती. मला वाटलं, धावत येऊन जवळ घेईल. तिनं आधी वडिलांना पाणी दिलं, सासूबाईंना विचारून चहा ठेवला आणि मग मला परड्यात नेलं. तिथं मात्र माझा हात तिनं सोडलाच नाही. मी सगळं सांगितलं.

"एकदम सोडायची न्हाईत गं," ती म्हणाली. "मोठ्या पाटीखाली ठेव, कोंबड्यांच्या डोळ्यासमूर. पाटी विरळ विणीची बघ. यांनी त्यांना बघावं, त्यांनी यांना. दाणं मात्र दोघांस्नी एकाच वक्ताला टाक. हळूहळू निवत्यात."

मग तिनं विचारलं, "लाल कोंबडी मला हुडकती का गं?"

"व्हय. खाता खाता दाराकडं बघती."

आक्कानं पदरानं तोंड पुसलं. तेवढ्यात आतून हाक आली आणि ती उठली.

मी तिनं सांगितलं तसं केलं. कोंबड्या पहिल्यांदा पाटीवर चोची मारत, मग नुसत्या शेजारी बसू लागल्या. पाटी उचलली त्या दिवशी थोडी टोचाटोची झाली, पण पिल्लं पळायला शिकली होती. पुढं ती खुराड्यात त्यांच्यातच शिरू लागली. हे आक्काला सांगायला मी पंचमीची वाट पाहिली, पण शेतात काम होतं म्हणून तिला पाठवलं नाही.

ती दिवाळसणाला आली. पिशवी ठेवून तशीच मागं गेली, हातावर कण्या घेऊन बसली. लाल कोंबडी आली. पिल्लांच्या आता तलंगा, अंड्यावर यायच्या कोवळ्या कोंबड्या, झाल्या होत्या, त्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. त्या लांबूनच बघत राहिल्या. आक्का बराच वेळ हात तसाच धरून होती. "चांगल्या वाढवल्यास," एवढंच म्हणाली. पाडव्याला दाजी आले आणि भाऊबीज उरकून तिला घेऊन गेले.

त्यानंतर एका तलंगीनं पहिलं अंडं घातलं. मी ते आक्कासाठी ठेवते म्हणाले. ती आता संक्रांतीला आली तर येईल, तोवर ते कसं टिकेल, असं आई म्हणाली. मी तरी ते बाजरीच्या डब्यात खोल पुरलं. आई रोज त्या डब्यातून बाजरी काढायची, पण अंड्याला तिनं हात लावला नाही.